भिंतीवरची बातमी

बुकित केलादी
४ सप्टेंबर २००५

प्रिय महानी,

सलाम. तू बरी असशील असं धरून चालते, कारण तू स्वतः काही कळवत नाहीस. तुझ्या बातम्या मला हल्ली बाहेरून मिळतात.

काल आमच्या महिला शाखेची बैठक होती. आमदार दातुक जलाल आले होते. केळ्याची भजी खाल्ली, माझ्या हातच्या चहाचं कौतुक केलं आणि मग सगळ्यांसमोर म्हणाले, "चिकगू, तुम्ही अख्ख्या गावाला शिस्त लावलीत, घरातलीच एक राहिली वाटतं." बायका हसल्या. मीही हसले. काय करणार? तीस वर्षं शाळेत चिकगू म्हणून शिकवलं, वीस वर्षं पक्षाचं काम केलं, आणि आता माझी ओळख काय, तर कॉम्प्युटरवर सरकारला शिव्या देणारीची आई.

एवढी मोठ्या वर्तमानपत्रातली नोकरी होती. नाव छापून यायचं, मी कात्रणं कपाटाला लावायचे. ती सोडून हे काय काढलंस? तुझी ती 'तिंगकाप' साइट मी पाहिलेली नाही आणि पाहणार नाही. खिडकी असं नाव ठेवलंस, आणि खिडकीवर लोक दगडच मारतात, हे तुला कुणी सांगितलं नाही का?

इकडे ठीक. आमच्या फ्लॅटच्या मागे डोंगरावर बंगले बांधायचं काम जोरात चाललंय, दिवसभर यंत्रांची घरघर. स्वयंपाकघराचं दार हल्ली लागत नाही, वर घासतं. सुतार म्हणाला, लाकूड फुगलंय. मागच्या संरक्षक भिंतीला पोट आल्यासारखं झालंय आणि भोकांतून गढूळ पाणी येतं. शेजारच्या लिमबाईंनी नगरपरिषदेत तक्रार केली, तेव्हा माणसं आली आणि भिंतीला छान पिवळा रंग देऊन गेली. वर्तमानपत्रात काही आलेलं नाही, तेव्हा तसं काही नसेलच.

जेवत जा वेळेवर.

माक


पेतालिंग जाया
१५ सप्टेंबर २००५

प्रिय माक,

सलाम. तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. पोट धरून हसलो आम्ही तिघं. तिघं म्हणजे मी, फोटो काढणारी सू यिन आणि कॉम्प्युटर सांभाळणारा अझलान. खाली लाँड्री, वर आम्ही. कपडे सगळे इस्त्रीचे असतात, सरकारला वाटतं तेवढी वाईट अवस्था नाही आमची.

नोकरी का सोडली हे तू दर पत्रात विचारतेस आणि मी दर वेळी टाळते. आज सांगते. पुराच्या वेळी मी चार दिवस कमरेइतक्या पाण्यात फिरून बातमी लिहिली होती, आठवतं? दुसऱ्या दिवशी त्या जागी मंत्री रोप लावतानाचा फोटो होता. संपादकांना विचारलं, तर म्हणाले, "पुराचं लोकांना माहीतच आहे, त्यात बातमी काय?" वर्तमानपत्र पक्षाच्या माणसांचं, छापखान्याचा परवाना सरकारकडे, तो दर वर्षी पुन्हा मागायचा. ते तरी काय करणार? कॉम्प्युटरला छापखाना लागत नाही, म्हणून मी इकडे आले.

बाकी थाटमाट काही नाही. मंत्रालयाने प्रेस कार्ड नाकारलंय. साइट म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, असं लेखी कळवलं. त्यामुळे पत्रकार परिषद असली की सगळे आत, मी गेटवर. मंत्री गाडीत बसताना एक प्रश्न ओरडून विचारते. कधी कधी काच खाली होते, बहुतेक वेळा वर जाते.

आता तू नीट वाच. ते दार कुठल्या बाजूला घासतं? डोंगराच्या की रस्त्याच्या? खालच्या घरांचीही दारं अडकतात का? आणि गढूळ पाणी पाऊस नसतानाही येतं का? सुतार म्हणतो म्हणून सोडून देऊ नकोस. शनिवारी मी येते. सोबत एक काका असतील, श्री. गुणशेखरन. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर आहेत. मासळीचं आंबट कालवण करशील?

तुझी महानी


बुकित केलादी
२ ऑक्टोबर २००५

महानी,

पाहुणी म्हणून आलीस, माझ्या ताटातलं कालवण खाल्लंस, आणि मलाच गोत्यात आणलंस.

त्या काकांना मी सगळ्यांकडे "माझ्या मुलीचे स्नेही" म्हणून घेऊन गेले. भला माणूस. छत्रीच्या टोकाने भिंत ठोकत फिरला, प्रत्येक घरची दारं उघडून-लावून पाहिली, लिमबाईंकडे दोन कप कॉफी प्यायला. मला वाटलं, हौस असेल. मग तुझ्या साइटवर आलं: 'डोंगर सरकतोय, तीन इमारतींतली माणसं धोक्यात'. कुणीतरी ते छापून माझ्या दाराखालून सरकवलं. वाचून मी तो कागद तांदळाच्या डब्यात लपवला. डोंगराच्या भीतीने नव्हे, उद्या शाखेत काय तोंड दाखवू या भीतीने.

झालंही तसंच. दातुक जलाल यांचा माणूस आला. नगरपरिषदेने जाहीर केलंय की भिंत भक्कम आहे, वरच्या बंगल्यांमुळे गावाची भरभराट होणार आहे, आणि हे सगळं घरांच्या किमती पाडायचं कारस्थान आहे. महिला शाखेने एक निवेदन काढावं, रहिवासी समाधानी आहेत असं, खाली माझी सही. मी म्हटलं, विचार करते.

परवापासून रोजे. या महिन्यात मला कुणाशी भांडायचं नाही. तू रायाच्या ईदला येऊ नकोस. आलीस तर दहा जण विचारतील आणि मला उत्तरं द्यावी लागतील.

माक


पेतालिंग जाया
२० ऑक्टोबर २००५

प्रिय माक,

आजच्या वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला. दातुक जलाल यांच्या शेजारी, मागे आपली भिंत. खाली लिहिलंय, 'अफवांवर विश्वास नाही: रहिवासी'.

माझ्यावर रागव, साइटला शिव्या घाल, पण त्या भिंतीपुढे उभं राहून तू हसावंस हे मला लागलं. मी तुला विचारायला हवं होतं, मान्य. पण विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मग मी काय केलं असतं? तू त्याच भिंतीखाली झोपतेस, माक.

गुणशेखरनकाकांनी नगरपरिषदेला दोनदा पत्र लिहिलं, उत्तर नाही. ते म्हणतात, वर्षअखेरच्या पावसाआधी लोक हलायला हवेत. मी काही मागत नाही. फक्त रोज संध्याकाळी एकदा त्या भिंतीपर्यंत चालत जा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एवढंच.

इथे सध्या ऑफिसात थोडी साफसफाई चालली आहे, म्हणून आठवडाभर फोन लागणार नाही. काळजी करू नकोस.

रायाला मी येत नाही. ईद मुबारक आधीच कळवते.

महानी


बुकित केलादी
६ नोव्हेंबर २००५

प्रिय महानी,

राया झाली, तू आली नाहीस. मी येऊ नकोस म्हटलं होतं हे खरं, पण आईने म्हटलेलं सगळंच ऐकायचं नसतं हे तुला एरवी बरोबर कळतं.

पहिली गोष्ट. तो फोटो नीट बघ. पत्रकार म्हणवतेस! भिंत करडी आहे, पिवळी नाही. आणि माझ्या अंगावर निळा बाजू कुरुंग आहे, तो झगा मी मागच्या वर्षीच्या रायाला माझ्या भाचीला देऊन टाकला. तो फोटो वृक्षारोपणाचा आहे, जुना. मी सही केलेली नाही. त्यांचा माणूस तीनदा आला. तिसऱ्यांदा मी त्याला म्हटलं, "समाधानी आहोत असं लिहायचं तर आधी माझं दार लावून दाखव." त्याने दाराला खांदा लावून पाहिला, घामाघूम झाला आणि गेला.

दुसरी गोष्ट. साफसफाई म्हणे! पोलिसांनी तुझे सगळे कॉम्प्युटर उचलून नेले, खोटी बातमी पसरवल्याचा गुन्हा घातला, घरमालकाने खोली सोडायला सांगितली. हे मला खिम्याच्या मुर्तबाकच्या गाडीवर रांगेत उभं असताना कळावं? मी काय काचेची आहे?

आता इकडचं ऐक. तुझी साइट गावात उघडेनाशी झाली. कुणी बंद केली, कशी केली, मला कळत नाही. पण ती उघडत नाही म्हटल्यावर, ज्यांनी जन्मात कॉम्प्युटरला हात लावला नव्हता तेही विचारायला लागले, त्यात होतं तरी काय? लिमबाईंचं झेरॉक्सचं दुकान आहेच. कुणाच्या तरी मुलीने क्वालालंपूरहून फॅक्स पाठवला, लिमबाईंनी प्रती काढल्या. एक जिन्यात लागली. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी काढली, तर तिसऱ्या दिवशी प्रत्येक मजल्यावर. मग रमजानच्या बाजारात पाहते तर मुर्तबाकवाला बातमीत गुंडाळूनच मुर्तबाक देतोय. लोक घरी जाऊन आधी कागद वाचतात, मग खातात. तेलाचे डाग पडलेली तुझी बातमी मी चार घरांत पाहिली. इतक्या वर्षांत तुझं काही कुणी इतक्या आवडीने वाचलेलं मला आठवत नाही.

भिंतीपर्यंत मी रोज जाते. आता एकटी नसते. रमजानात रोजा सोडायच्या आधी दहा-पंधरा बायका सोबत यायच्या, त्या आताही येतात. ज्या बायकांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी पायरीवर बसून मोठ्याने वाचते. तू चांगलं लिहितेस. वाक्यं फार लांब असतात, वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेव.

पुढची बातमी बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठव. अर्जुनन नाव त्याचं, माझाच विद्यार्थी. गणितात कच्चा होता, पण शब्दाचा पक्का आहे.

माक


पेतालिंग जाया
१२ नोव्हेंबर २००५

प्रिय माक,

तुझं पत्र जुन्याच पत्त्यावर आलं होतं; ते आणायला गेले, लाँड्रीच्या पायऱ्यांवर बसले आणि रडले, मग हसले. खालची बाई विचारत होती, कुणी गेलं का? म्हटलं, नाही, उलट कुणीतरी परत आलं.

फोटोबद्दल चुकले. आता सगळं खरं सांगते. पोलीस दुपारी आले, सभ्यपणे बोलले, चपला बाहेर काढल्या. कॉम्प्युटर नेले, फॅक्स नेला. अझलानने पावती मागितली, तर बिचारा हवालदार कागद शोधत बसला. मला ठाण्यावर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. तेच तेच विचारत होते: पैसा कोण देतं, कुठला परदेशी देश देतो? मी म्हटलं, माझी आई शिकवण्या घेऊन मला शिकवायची, तोच परदेश.

तुला कळवलं नाही, कारण तुला दोन्हीकडून ओढ बसू नये असं वाटलं. चुकलंच.

आम्ही बंद पडलो नाही. एका वाचकाने, दातांचे डॉक्टर आहेत ते, दवाखान्याची मागची खोली दिली. वाचकांनी आपापल्या घरचे कॉम्प्युटर आणून दिले. एकावर त्यांच्या लेकीच्या परीचा फोटो चिकटवलेला आहे, सरकारविरुद्ध लिहिताना ती परी समोर असते. मधूनच शेजारून यंत्राची किरकिर आणि पेशंटचं आं ऐकू येतं. खटला जानेवारीत उभा राहील. वकील घाबरलेले नाहीत, म्हणून मीही नाही.

अर्जुननबरोबर बातमी पाठवतेय. वाक्यं छोटी केली आहेत. गुणशेखरनकाकांचा निरोप त्यात सगळ्यात वर आहे, तो तू सर्वांना पाठ करायला लाव. भिंतीतून गढूळ पाणी येतंय तोवर निदान ते बाहेर तरी पडतंय. ज्या दिवशी भर पावसात पाणी यायचं थांबेल, त्या दिवशी ते आत तुंबतंय असं समजायचं. मग कुणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी घरं सोडायची.

तुझी महानी


राष्ट्रीय शाळेचा हॉल, बुकित केलादी
२ डिसेंबर २००५

प्रिय महानी,

काल फोनवर "सगळे ठीक" एवढंच बोलता आलं. हॉलमध्ये एकच फोन आणि मागे रांग. रस्ता अजून बंद आहे, उघडला की अर्जुनन हे पत्र आणेल.

रविवारपासून पाऊस खळला नव्हता. बुधवारी दुपारी मी आणि लिमबाई छत्र्या घेऊन भिंतीकडे गेलो. पाणी नव्हतं. एवढ्या पावसात भिंत कोरडी. लिमबाईंनी भोकात बोट घालून पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी नगरपरिषदेला फोन केला. घरातच थांबा, उद्या माणूस पाठवतो, म्हणाले. मग दातुक जलाल यांचाच फोन आला. म्हणाले, "चिकगू, शनिवारी मंत्री बंगल्यांचं उद्घाटन करायला येतायत. तुम्ही लोकांत घबराट पसरवलीत तर मला तुमच्यावर कारवाई करावी लागेल." वीस वर्षं या माणसाच्या सभांच्या खुर्च्या मी लावल्या. मी म्हटलं, "करा. पण कारवाईचा कागद शाळेच्या पत्त्यावर पाठवा. आजपासून आम्ही तिथे राहणार."

मग आम्ही निघालो. तळमजला लिमबाई, वरचे मजले मी, बाकीच्या दोन इमारती आमच्या बायकांनी वाटून घेतल्या. कुणालाच काही समजवावं लागलं नाही, महानी. दार उघडून मी नुसतं म्हणायचे, "पाणी थांबलंय," की आतून कपाटं उघडल्याचा आवाज. जिन्यात लागलेलं, मुर्तबाकबरोबर खाल्लेलं, पायरीवर ऐकलेलं, सगळ्यांना तोंडपाठ होतं. फक्त वरच्या मजल्यावरचे पाक सेमान अडून बसले. म्हणाले, सरकार भक्कम म्हणतंय तर भक्कमच असणार. मी त्यांच्या सोफ्यावर बसले आणि म्हटलं, "ठीक आहे, मीही इथेच थांबते. आपण दोघं सरकारवर विश्वास ठेवू." त्यांनी उठून पक्ष्याचा पिंजरा उतरवला आणि माझ्या हातात दिला.

उजेड असतानाच तिन्ही इमारती रिकाम्या झाल्या. शाळेची किल्ली मुख्याध्यापिकेने स्वतःहून आणून दिली, वर विचारलं कुणालाच नाही.

काल सकाळी पोरं बिस्किटं खात होती तेव्हा आवाज आला. गडगडाट नव्हे, कुणीतरी खूप मोठं कापड फाडावं तसा. आम्ही पटांगणात आलो. डोंगराची अख्खी कूस खाली आली होती. आपली इमारत नव्हतीच, नुसती लाल माती, तिच्यातून पाण्याच्या टाकीचं टोक वर आलेलं. शेजारची अर्धी गेली. वरचे बंगलेही उतरले, रिकामेच होते ते.

मी हजेरी घेतली. आयुष्यभर हजेरी घेतली, पण कालच्यासारखी नाही. प्रत्येक नावाला "आहे" आलं. एकही नाव रिकामं गेलं नाही. शेवटचं नाव झालं तेव्हा पाक सेमान लहान पोरासारखे रडायला लागले, आणि मग सगळा हॉल.

घर गेलं. तुझ्या अब्बांचा फोटो मी पिशवीत आधीच घातला होता. बाकी भांडीकुंडीच.

माक


पेतालिंग जाया
१४ डिसेंबर २००५

प्रिय माक,

तिकडच्या गर्दीत तुझ्याशी निवांत बोलणं झालंच नाही. तू हॉलमध्ये होतीस, तेव्हा गेटबाहेर काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून लिहिते.

दरडग्रस्तांना भेटायला मंत्री शाळेत येणार म्हणून पोलिसांनी नावं बघून पत्रकारांना आत सोडलं. सगळी मोठी वर्तमानपत्रं आत गेली. ज्यांनी एक ओळ छापली नव्हती तीसुद्धा. मी आणि सू यिन बाहेर. पोलीस म्हणाला, "कार्ड नाही तर प्रवेश नाही, ताई. मला वरून हुकूम आहे." मी त्याच्याशी भांडले नाही. हॉलबाहेर कर्णे लावले होते, म्हटलं, ऐकून लिहू.

आधी दातुक जलाल बोलले. सरकारने वेळीच पावलं उचलल्यामुळे जीवितहानी टळली, म्हणाले. मग त्यांनी तुझं नाव पुकारलं, महिला शाखेतर्फे आभार मानायला. मी पेन खाली ठेवलं. खरं सांगते माक, मला वाटलं तू आभार मानशील, आणि मला त्याचा रागही येणार नव्हता. तू थकली होतीस.

कर्ण्यातून तुझा शाळेतला आवाज आला. "आभार मानायला मी तयार आहे. पण ज्यांचे मानायचे ती गेटबाहेर उभी आहे. तिनं लिहिलं म्हणून ही माणसं आज माझ्यासमोर बसलेली आहेत. तिला आत आणा, मग मी बोलेन."

आणि तू गप्प बसलीस. कर्ण्यातून नुसती खरखर. कुणीतरी तुझ्या कानाशी काही पुटपुटलं, तेही ऐकू आलं. मग एक खुर्ची सरकली, मग दुसरी, मग सगळ्याच. नंतर लिमबाईंनी सांगितलं की लोक उभे राहून गेटकडे तोंड करून थांबले होते. त्या पोलिसाने वायरलेसवर विचारायचं नाटक केलं, उत्तराची वाट पाहिली नाही आणि गेट उघडलं. मला म्हणाला, "माझी मावशी ब इमारतीत राहते."

मी आत आले. पुढचं तू पाहिलंसच. मंत्र्यांना मी एकच प्रश्न विचारला: माझ्यावर खोट्या बातमीचा गुन्हा आहे, तर त्या बातमीतलं कुठलं वाक्य खोटं होतं? ते सचिवाकडे बघायला लागले. सचिव बुटांकडे. या वेळी वर करायला काच नव्हती. आणि मागे बसलेले मोठ्या वर्तमानपत्रांचे पत्रकार माना खाली घालून भराभरा लिहीत होते. त्यांतल्या एकाच्या संपादकाने दुसऱ्या दिवशी तो प्रश्न छापला. पहिल्या पानावर, माक. परवान्याची भीती असूनही.

कालपासून आमची साइट सगळीकडे उघडते आहे. बंद कुणी केली होती, ते कुणीच सांगत नाही.

महानी


बुकित केलादी
२६ फेब्रुवारी २००६

प्रिय महानी,

खटला मागे घेतल्याचं तू कळवायच्या आधीच इथे मिठाई वाटून झाली होती. लिमबाईंनी रेडिओवर ऐकलं आणि भर रस्त्यातून ओरडत आल्या. कॉम्प्युटर परत मिळाले हे बरं झालं, पण वाचकांचे त्यांना धन्यवाद म्हणून परत कर, परीचा फोटो न फाडता.

पक्षाने मला खुलासा द्यायला बोलावलं होतं. मी गेले. माझ्या मागे आमच्या शाखेच्या सगळ्या बायका आल्या. कुणी बोलवलं नव्हतं त्यांना, नुसत्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. समोरच्या तिघांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, तब्येत विचारली आणि संपलं. मी पक्ष सोडलेला नाही. पक्ष जलालांच्या बापाचा नाही. त्यानंतरच्या आठवड्यात शाखेची निवडणूक झाली, माझ्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही. जलालांना पुढच्या वेळी उमेदवारी नाही म्हणतात.

डोंगरावरची बाकी बांधकामं रद्द झाली. आम्हाला नदीपलीकडच्या सपाट जमिनीवर घरं मिळणार आहेत. मिळणार म्हणजे कागदावर. परवा नगरपरिषदेचा नवा अधिकारी नकाशे घेऊन आला, जागेची तपासणी झाली आहे म्हणाला. बायकांनी विचारलं, कुणी केली, केव्हा केली, कागद दाखवा. तो गोंधळला. म्हणाला, कागद रविवारी सभेत दाखवतो. मग लिमबाई म्हणाल्या, "सभा घ्या, पण आमचे पत्रकार यायला हवेत." त्याने दोन-तीन मोठ्या वर्तमानपत्रांची नावं घेतली, त्यांना कळवतो म्हणाला. पाक सेमान उठून उभे राहिले. "त्यांनाही बोलवा, येऊ दे बिचारे," म्हणाले, "पण आम्ही म्हणतो ते तिंगकापचं."

अधिकाऱ्याने निमूटपणे वहीत नाव लिहून घेतलं. स्पेलिंग मी सांगितलं.

तर रविवारी सकाळी दहाला सभा आहे, शाळेच्या हॉलमध्ये. पुढच्या रांगेतली खुर्ची तुझी आणि तिच्या शेजारची गुणशेखरनकाकांची. तू आल्याशिवाय सुरू करायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलंय, तेव्हा पहिल्या बसने नीघ. सगळ्या गावाला ताटकळत ठेवू नकोस.

माक